पूजेतले बूट

“ज्योतीराम, पूजा मांडली म्हंजी मांडली. उद्या सोनं लुटल्याबिगर त्यातलं काय बी हलायचं न्हाई,” असं म्हणून तात्याबा मुकादम वर्कशॉपच्या दारातच मांडी घालून बसले.

“आवं, पण मॅच आज हाय, चार वाजता!”

“मग बूट कशाला मांडलं पूजेत?”

“जिंकावं म्हणून!”

खंडेनवमीचा दिवस. पाने, पकडी, हातोड्यांच्या रांगेत फुटबॉल संघाचे सगळे बूट हळदीकुंकू लेवून बसले होते आणि मधोमध, झेंडूची माळ घालून, संघाचा एकुलता एक चेंडू. पूजेला लावलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हे ज्योतीरामला साताऱ्याकडच्या आपल्या गावापासून ठाऊक होतं. पण संघाचा नव्यानं मॅनेजर झालेला माणूस भलत्याच उत्साहात असतो.

तसा तो सेंटर फॉरवर्ड. पण पिंपरीच्या या नव्या कारखान्याच्या संघात कोण कधी गायब होईल याचा नेम नसे. गोलकीपरचं लग्न निघालं की ज्योतीराम गोलमध्ये. बॅकला हिवताप आला की ज्योतीराम बॅकला. “घरात खिळा ठोकायला सापडत न्हाईत, आन् मैदानात बघावं तिकडं ह्येच,” असं त्याची बायको शालनबाई म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

मग गुडघा गेला. वेल्फेअर ऑफिसर बबनरावांनी त्याला मॅनेजर केलं, पण बजावलंही, “खडकीच्या संघाशी हरलात तर दुसरा मॅनेजर बघावा लागेल, राव.” मैदानाबाहेर बसणं त्यानं कसंबसं सोसलं होतं. संघाबाहेर बसणं त्याला सोसवलं नसतं.

बूट नाहीत हे सांगायला तो मान खाली घालून खेळाडूंपुढे गेला. ऐकताच लेफ्ट आउट गेनबानं उडीच मारली.

“देवी पावली! आरं ज्योत्या, फोडांनी जीव खाल्ला व्हता आमचा!”

सगळ्यांचेच चेहरे उजळले. साहेबांच्या हातापाया पडून बूट आणवले होते ज्योतीरामनं, म्हणून इतके दिवस बिचारे दात-ओठ खात पळत होते.

चेंडू खडकीवाल्यांचा घेतला. अनवाणी पोरं अशी सुटली की पाहुण्यांना आपले बूट जड वाटू लागले. ज्योतीराम रेषेबाहेरून अकराही जागांवर खेळत होता. बॅकबरोबर मागे सरकायचा, फॉरवर्डबरोबर लंगडत पुढे पळायचा. गोलकीपर झेपावला तेव्हा हाही इकडे धुळीत पडला. “मॅनेजरसाहेब, तुम्ही बाहेर आहात,” असं रेफरीनं दोनदा सांगितलं, तेव्हा लोकांची हसून मुरकुंडी वळली.

एक-एक अशी बरोबरी होती आणि वेळ संपत आली होती. एवढ्यात चेंडू रेषेबाहेर आला तो थेट ज्योतीरामच्या पायाशी. त्यानं तो अलगद दाबून धरला. समोर मैदान मोकळं, गोल दिसतोय. “मार, ज्योतीराम, मार!” लोक सवयीनं ओरडले. त्याचा उजवा पाय मागे गेलासुद्धा.

“मॅनेजर, बॉल द्या!”

गेनबा रेषेवर हात पसरून उभा होता. आजवर ह्या पठ्ठ्यानं त्याला ज्योत्याशिवाय हाक मारली नव्हती, आणि ‘द्या’ तर कधीच म्हटलं नव्हतं. ज्योतीरामनं पाय खाली टेकला. गुडघा सांभाळत वाकला, चेंडू हातांनी उचलला, सदऱ्याला पुसला आणि गेनबाच्या हातात दिला.

गेनबानं लांब फेकला, फॉरवर्ड भैरूनं डोकं लावलं, आणि गोल झाला!

शिट्टी वाजली तशी सगळी पोरं मैदानाच्या मधोमध एकमेकांवर कोसळली. बबनराव खुर्चीवर चढून ओरडत होते, “मॅनेजर तुम्हीच, राव! तुम्हीच!” ज्योतीराम धावत फक्कीच्या पांढऱ्या रेषेपर्यंत गेला. आता आत जायला त्याला कोणीही अडवलं नसतं. तो रेषेवरच थांबला, आणि पोरं बाहेर येईपर्यंत डोळे न पुसता टाळ्या वाजवत राहिला.