ओवरीतला सत्कार

सरकारी अनुदान वर्षभर आलेलं नव्हतं. कळंब्याच्या रस्त्यावरचा 'ओवरी' हा निवारा तरीही कसाबसा चालला होता, आणि तो कसा चालला होता हे एकट्या वर्षाराणीलाच माहीत. नवऱ्याचा मार सोसून शेवटी घर सोडलेल्या बायका तिथं पोराबाळांसकट राहायच्या. त्यांचं जेवण, दवाखाना, वकील, हाताला काही काम, सगळ्यालाच पैसा लागायचा. वर्षाराणी दारोदार फिरायची. लोक चहा पाजायचे, "फार मोठं काम करताय ताई" म्हणायचे आणि विषय बदलायचे.

अशात उदयसिंह भेटले. उचगावकडं त्यांचा लोखंडाचे सुटे भाग ओतायचा कारखाना होता. हसरा, मोकळा माणूस. निवाऱ्यात आले, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला, स्वयंपाकघरात डोकावून पारूबाईंना "मावशी, काय बेत हाय आज?" असं विचारलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "ताई, वर्षभराचा सगळा खर्च माझ्याकडं. वरचा मजला बी बांधून देतो. आमच्या आईचं नाव द्या त्याला, बास."

खजिनदार हंबीरराव निवृत्त बँकवाले, सहजासहजी विरघळणारे नव्हेत. पण त्यांचेही डोळे भरून आले.

मदत स्वीकारण्याचा छोटासा कार्यक्रम ठरला. अंगणात मांडव पडला, खुर्च्या आल्या, पत्रकार आले. उदयसिंह बायकोला घेऊन आले. तिचं नाव तेजस्वी. पस्तिशीची, उंच, अंगावर भारी साडी आणि उकाडा असूनही मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज. प्रमुख पाहुणे यायचे होते. तेवढ्यात ती वर्षाराणीला म्हणाली, "मला आतून दाखवता का जरा?"

वर्षाराणी हौसेनं तिला घेऊन गेली. शिवणाची खोली दाखवली, पोरांची चित्रं दाखवली. शेवटच्या खोलीत एक खाट रिकामी होती. तेजस्वी तिच्यावर बसली आणि गादीवरून हात फिरवायला लागली.

"इथं किती दिवस राहता येतं?"

"तसं बंधन नाही. बाई पायावर उभी राहीपर्यंत."

"लेकरू बरोबर असलं तर?"

"चालतं की. शाळेचं बी आम्हीच बघतो."

वर्षाराणीला वाटलं, आपला पैसा कुठं जातो याची चौकशी चाललीय. ती उत्साहानं सांगत राहिली. तेजस्वीनं एकदा दाराकडं पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, "आणि माझ्यासारखीला घेता?"

वर्षाराणीनं तिच्याकडं नीट पाहिलं. तेजस्वी सरळ बसली नव्हती. एका हातानं बरगडी धरून ती कलती बसली होती. अशा बसलेल्या बायका वर्षाराणीनं आयुष्यात खूप पाहिल्या होत्या.

"मुलगी आज मामाकडं हाय," तेजस्वी भरभर बोलायला लागली. "त्यांनी मला आज पहिल्यांदाच असं बाहेर आणलंय. फोन त्यांच्याकडंच असतो. आता राहिले तर..."

बाहेर माईकवर कुणीतरी 'हॅलो, हॅलो' करत होतं. मग हंबीररावांचा आवाज आला. उदयसिंहांच्या सौभाग्यवतींना आणि वर्षाराणीताईंना ते व्यासपीठावर बोलावत होते.

निवाऱ्यात नव्यानं कामाला येणाऱ्या प्रत्येक मुलीला वर्षाराणी एकच गोष्ट घोकून घ्यायला लावायची. बाईनं 'घेता का' विचारलं की आधी दार लावायचं, पाणी द्यायचं, बाकीचं नंतर. विचारायची हिंमत तिला पुन्हा होईलच असं नाही. हे सगळं तिला त्या क्षणीही आठवलं. त्याबरोबर अंगणातले पत्रकार आठवले, भरलेला मांडव आठवला, रिकामे डबे आठवले. आणि तिच्या तोंडून शब्द निघाले, "वहिनी, आजचा एवढा कार्यक्रम होऊन जाऊ दे. उद्या या. मी स्वतः गाडी घेऊन येते, तुम्ही फक्त कळवा."

 तेजस्वी उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "व्हय. बरोबर हाय तुमचं."

दारात पारूबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी काय ऐकलं, काय नाही, हे वर्षाराणीनं विचारलं नाही. दहा मिनिटांनी तिनं व्यासपीठावर उदयसिंहांच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या पडल्या. शाल दोनदा खांद्यावरून घसरली. उदयसिंह हसून म्हणाले, "ताई, शाल बी टिकंना की माझ्या अंगावर!" सगळे हसले. वर्षाराणीही हसली.

दुसऱ्या दिवशी तेजस्वी आली नाही. कशी येणार होती? जिच्याजवळ फोन नाही, तिला आपण 'कळवा' म्हणालो, हे वर्षाराणीला अंघोळ करताना एकदम लक्षात आलं आणि ती अंघोळ अर्धवट टाकून बाहेर आली. आभार मानायचं निमित्त करून तिनं उदयसिंहांना फोन लावला. वहिनी कशा आहेत म्हणून सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ती व्हय? नृसिंहवाडीला गेलीया, दत्ताच्या सेवेला. आठवडाभर तिथंच राहील," ते म्हणाले.

वर्षाराणीला हे खोटं वाटलं. पण खरं मानणं सोयीचं होतं, म्हणून तिनं ते खरं मानलं. इकडे निवाऱ्यात तांदळाची पोती उतरली, गॅसच्या टाक्या आल्या, शिवणाची यंत्रं दुरुस्त झाली. पोरांना रोज दूध मिळायला लागलं. वर्षाराणी मात्र तिथं जेवेनाशी झाली. पित्त झालंय म्हणायची. घास उचलला की ती कलती बसलेली बाई समोर यायची.

आठवडा संपायच्या आतच एक दिवस पारूबाईंनी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. पारूबाई स्वतः कधीकाळी मार खाऊनच ओवरीत आलेल्या, आता तिथलं जेवणखाण त्याच बघायच्या.

"ताई, मी इथं आलते तवा तुमच्या पोराचा वाढदिवस होता," त्या म्हणाल्या. "केक तसाच टाकून आलतासा तुम्ही. माझ्या डोक्यातनं रगत येत होतं आन तुमची नवी साडी खराब झालती. आठवतंय का?"

"आठवतंय."

"मग त्या बाईला उद्याचा वायदा का दिला?"

 वर्षाराणीनं पायात चपला घातल्या. पारूबाईही डोक्यावर पदर घेऊन मागोमाग निघाल्या.

उदयसिंहांच्या बंगल्यावर कुणी सरळ उत्तर देईना. दोघी फाटकाबाहेर आल्यावर बागेत काम करणारी एक बाई कुंपणाशी आली. "वहिनीसाब दवाखान्यात हाईत. न्हाणीत पडल्या म्हनं," असं पुटपुटून दवाखान्याचं नाव सांगून गेली.

तेजस्वी खाटेवर होती. कोपरापासून हात प्लास्टरमध्ये, एक डोळा सुजलेला. शेजारी तिचा भाऊ सम्राट बसला होता. त्यालाही नृसिंहवाडीचंच सांगितलं होतं; खरं काय ते त्याला आदल्या दिवशीच कळलं होतं. वर्षाराणी आत आली तशी तेजस्वी म्हणाली, "आता आलासा व्हय?"



"गाडीत बसल्या बसल्या विचारायला लागले, आत एवढा वेळ काय बोलत होतीस म्हणून. मी काहीच सांगितलं न्हाय. तरी बी..." तेजस्वीनं प्लास्टरकडं पाहिलं.

"माझं चुकलं," वर्षाराणी म्हणाली. "मी त्या दिवशी तुम्हाला तिथंच ठेवून घ्यायला पाहिजे होतं. मला सगळं कळलं होतं, तरी मी परत पाठवलं."

"मला बी कळलं होतं तुम्हाला कळलंय ते. एवढ्या बायका तुमच्या जिवावर हाईत. मी एकटी. हिशोब बरोबरच हाय की."

ती चिडून बोलली असती तर वर्षाराणीला सोसलं असतं. तेजस्वी समजुतीच्या सुरात बोलली आणि ते काळजात रुतलं.

"आता चला माझ्याबरोबर."

"त्यांच्या तांदळावर राहायला? न्हाय. तिथं मी येणार न्हाय."

मग सम्राटनं पोलिसांना बोलावलं. वर्षाराणी धावपळ करून महिलांसाठीच्या संरक्षण अधिकाऱ्यांना घेऊन आली. तेजस्वीनं पडून पडूनच जबाब दिला आणि भावाकडं राहायला गेली.

वर्षाराणीनं संस्थेच्या कार्यकारिणीची तातडीची बैठक बोलावली. घडलं ते सगळं सांगितलं, स्वतःचं वाक्यही गाळलं नाही. उरलेला पैसा परत करायचा ठराव मांडला. हंबीरराव ताडकन उठले.

"आणि आतल्या बायकांना खायला काय घालायचं? तुमचं मन हलकं करायला त्यांनी उपाशी राहायचं?"

हा प्रश्न खरा होता. तरीही ठराव झाला आणि पैसा परत गेला. जे खाऊन झालं होतं, ते परत करता येणार नव्हतं. पुढचे महिने फार हालाचे गेले. दूध बंद झालं. दोन बायका कंटाळून सासरी परत गेल्या, त्यांतली एक पुन्हा आली, दुसरीचा पत्ता लागला नाही. ते ओझंही वर्षाराणीनं आपल्याच नावावर धरलं. ती आणि पारूबाई उचगावातल्या, आजूबाजूच्या गावांतल्या बचत गटांकडं जायला लागल्या. दूध घालणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बायका दर महिन्याला थोडंथोडं द्यायला लागल्या. त्यातल्या काही जणी पैसे देताना पारूबाईंना बाजूला घेऊन हळूच काहीतरी विचारायच्या. पारूबाई तिथंच बसून ऐकायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात कोर्टात वर्षाराणीची साक्ष झाली. उदयसिंहांच्या वकिलानं विचारलं, "तुमच्याच संस्थेत ही बाई आली होती म्हणता. खरोखर मार बसलेला असता, तर तुम्ही तिला परत कसं पाठवलं असतं?"

"मार बसलेला मला दिसत होता," वर्षाराणी म्हणाली. "मी देणगीसाठी परत पाठवलं."

 उदयसिंह मान वर करून तिच्याकडं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी पेपरात ते वाक्य छापून आलं. ओवरीच्या नावाला बट्टा लागला. काही लोकांनी फोन उचलायचं सोडलं. निकाल अजून लागायचा आहे.

साक्ष संपवून वर्षाराणी बाहेर आली तेव्हा तेजस्वी झाडाखाली उभी होती. मोडलेला हात आता पूर्ण सरळ होत नव्हता. वर्षाराणी जवळ गेली आणि पुन्हा माफीचं काही बोलायला लागली.

"ते ऱ्हाऊ दे," तेजस्वी म्हणाली. "तुम्ही काय केलं ते मी विसरणार न्हाय, आन आज बोललासा ते बी. आता एक काम करा. भावाकडं किती दिवस राहू? मला काम लागलंय. पोरीच्या शाळेजवळ एखादी खोली बघून द्या. भाडं मी भरीन. घरमालक तेवढा भला बघा."

"बघते," वर्षाराणी म्हणाली.

आणि ती घरी न जाता तशीच शाळेच्या बाजूच्या गल्ल्यांमधून फिरायला लागली. प्रत्येक दारात थांबून खोलीचं विचारायची. मालकाशी बोलायची, मग मालकीण दिसेपर्यंत थांबून राहायची, आणि तिच्या चेहऱ्याकडं, हातांकडं नीट बघूनच पुढं जायची.