मासळीचं पाणी

गेनबांचं उजवं अंग गेलं, वाचाही बसली. तेव्हाच बनाबाई देवीला बोलली होती : हे उठून चालेपर्यंत ह्यांच्या हातानं लावलेल्या गुलाबाचं फूल रोज वाहीन, त्याआधी पाण्याचा घोट घेणार नाही. भाटघरला धरणाच्या अंगाला घर, अंगणात गुलाबच गुलाब. फुलांना काय तोटा!

पण पावसाळा सरला आणि झाडं उतरली. पानं पिवळी पडली, कळी बोराएवढी होऊन गळायला लागली. बनाबाईनं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन मडक्यात कालवून आंबवलं, झाडांच्या बुडाशी घातलं. गेनबा बाजेवरून बघायचे आणि डाव्या हातानं धरणाकडं दाखवायचे. धरणाचं पाणी घालू का, गाळ आणू का, तिनं सगळं विचारलं. दोन्हीला त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. शेवटी ते डोळे मिटून घ्यायचे.

एक दिवस धरणातली मासळी विकणारी फुलाबाई त्यांना बघायला आली. अंगणातच थबकली.

“वैनी, पाणी बंद केलं व्हय?”

“कसलं?”

“मासळी धुतल्यालं. दादा माज्याकडनं बादली न्यायचे, गूळ घालून मुरवायचे. तुमास्नी म्हाईत न्हाई?”

बनाबाईचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर गेला. माळ घातल्यापासून घरात मासळी शिरली नव्हती. आणि नवसाच्याही आधी, इतकी वर्षं रोजच्या पूजेत देवीला वाहिलेली फुलं?

तिनं वळून बघितलं. गेनबा भिंतीकडं बघत होते. रागवावं तर समोरच्याला उत्तर तरी देता यायला हवं.

“तुमी हात लावू नगा,” फुलाबाई म्हणाली. “उद्या म्याच येऊन वतते.”

बनाबाई माळ मुठीत धरून आत गेली.

सकाळी एकच फूल उमललं होतं, तेही अर्धं. ते घेऊन ती देवीपुढं कितीतरी वेळ बसली. वाहावं तर मासळीच्या पाण्यावर वाढलेलं, न वाहावं तर नवस मोडतो, आणि नवस ह्यांच्यासाठीच. डोळे मिटून तिनं ते पायाशी ठेवलं.

बाहेर बादली रिती झाल्याचा आवाज आला. मासळीचा वास घरभर पसरला. ती बाजेशी येऊन टेकली. गेनबांनी डाव्या हातानं आपला पाण्याचा तांब्या हळूहळू तिच्याकडं सरकवला.

तिनं तो उचलला. फूल तर वाहून झालं होतं. पण प्यावं की न प्यावं, ते काही तिला ठरवता येईना.