सिलोनात उगवलेली गोधडी

मी गोधडी बोलतेय. व्हय, तू टेकलायस त्या भिंतीवर वाळत पडलीया, तीच. आता मी जे सांगनार हाय, त्यातला एक शबुद बी तुला खरा वाटायचा न्हाई. वाटला तर माझा टाका न् टाका उसव, मी काय बोलनार न्हाई.

माझा जल्म ह्याच केडगावातला. बद्रुन्निसानं मला शिवली. शेजारची राहीबाई दुसऱ्या बाजूनं टाकं घालायला बसायची. दोघींच्या सुयांपरीस तोंडंच जास्त चालायची. माझ्या पोटात राहीबाईचं हिरवं लुगडं हाय, बद्रूची निकाहची ओढनी हाय, आन मधोमध एका गोऱ्या साहेबाच्या खाकी इजारीचं बूड हाय. बद्रूचा नवरा नबीलाल नगरच्या कॅम्पात त्या साहेबाचा खानसामा हुता, म्हनून ते कापड घरात आलं. साहेबानं लढाईत काय गाजवलं मला ठावं न्हाई, पर ते कापड बसून बसूनच झिजल्यालं हुतं, एवढं मी छातीठोक सांगते.

मी पुरी झाले तवा राहीबाईनं माझ्या कोपऱ्यात चिमूटभर जोंधळं सारलं आन वरून टाका मारला. "गोधडी उपाशी ठिवू नये, बद्रे," म्हनली. आमच्याकडं तशी रीतच हाय.

मग लढाई सरली. साहेबाला पेन्शन लागली. त्याला इलायतेची थंडी नको हुती आन नगरचा फुफाटा बी नको हुता. त्यानं सिलोनला डोंगरात बंगली घेतली. नबीलालला म्हनला, "चल माझ्यासंगं. म्हातारपन हिरव्यात काढू." नबीलाल जल्मभर चुलीपुढं भाजून निघाल्याला मानूस. हिरवं म्हनल्यावर पाघळला.  बद्रूनं मला गुंडाळलं आन वळकटीचा दोर आवळला.

आगगाडी, मग बोट, मग परत आगगाडी. आन काय ते सिलोन, बाबा! झाडावर येल, येलावर फूल, फुलावर पाखरू आन पाखरावर पानी. फनस बुंध्यालाच लोंबत्यात. वांदरं खिडकीत येऊन केळी मागत्यात, ती बी हक्कानं. नबीलाल पोरावानी हिंडायचा. दालचिनीची साल खरडून हुंगायचा. "बद्रू, हे बघ! आपुन पुडीतनं आनायचो, ते हितं कुडाला लागतंय!"

"बघितलं जी," बद्रू म्हनायची. (घरात त्यांचं दखनी चालायचं. मी माझ्या बोलीत सांगते, तेवढं गोड मानून घे.)

तिला बघायला लई हुतं, बोलायला कोन न्हवतं. तिथल्या बायांची बोली हिला कळंना, हिची त्यांना. भात घशाखाली उतरायचा, पर पोटाला पटायचा न्हाई. आन मी? मी जी भिजले ती वाळलेच न्हाई. सगळ्या अंगावर बुरशी. साहेबाच्या त्या खाकी बुडावर तर छत्र्या उगवल्या! मी मनातल्या मनात लई हासले.

एक दिस नबीलाल म्हनला, "केडगावचं घर इकून टाकू. राहीबाईचा ल्योक रंगनाथ मागतोय. आता हितंच माती होऊ दे."

बद्रू भाजी निवडत हुती. "तुमाला बरं वाटतंय न्हवं? मग झालं."

तो बाहेर गेला तसं तिनं माझ्यात तोंड खुपसलं. मी आधीच वली, कुनाला कळनार!

तवा तिच्या हाताला तो कोपरा लागला. आतलं जोंधळं फुगून टम्म झाल्यालं. ती गपकन उठून बसली. टाका जरासा उसवला आन मला खिडकीत ऊन येईल तितं ठिवलं. मग रोज नमाजाआधी हातपाय धुवून वजू झाला की तांब्यात उरल्यालं पानी त्या कोपऱ्यावर शिपडायची. हळूच, इकडंतिकडं बघून. मी आपली गंमत बघत पडले.

आन माझ्यातनं हिरवा कोंब वर आला! आता कर इश्वास.

नबीलाल आला हुता मला फेकायला, वास मारतीया म्हनून. तितंच उकिडवा बसला. "बद्रू, ह्ये काय?"

"काय की. तुमच्या सिलोनात काय बी उगवतंय."

"गवत हाय?"

"तुमीच बघा. खानसामा तुमी."

त्यानं पान चोळलं, हुंगलं. "जोंधळा," म्हनला. मग तेच पान परत परत हुंगत बसला.

त्यानं तो कोंब मुदपाकखान्याच्या दाराशी लावला. पानी पिऊन पिऊन जोंधळा डोईच्या वर गेला. पर कनीस आलं ते काळं पडलं, आत दाना भरला न्हाई. ते रिकामं कनीस हातात घेऊन नबीलाल साहेबाकडं गेला. परत आला तवा नाक वढत हुता.

"साहेब जा म्हनला. म्हनला, मला परत जायला घर उरलं न्हाई, तुला हाय. आता मी रंगनाथला कळवतो, घर इकायचं न्हाई."

 बद्रूनं मला उचलून अशी झटकली की माझ्या छत्र्या दाराबाहीर पडल्या.

आमी परत आलो तवर कॅम्पातलं गोरं साहेब बी गेल्तं. पयल्या दिशी ह्या भिंतीवर पडले आन अंगातलं सिलोन भुर्रकन उडालं. राहीबाई वास घेऊन म्हनली, "बद्रे, दर्यात बुडवून आनलीस का काय हिला!"

काल बद्रू माझा उसवल्याला कोपरा शिवायला बसली. नबीलाल मुठीत जोंधळं घेऊन आला.

"घे. ह्ये दानं मी तव्यावर भाजल्यात."

"भाजलं कशापायी?"

"म्हंजी परत कुनी तांब्यानं पानी घातलं, तरी उगवायचं न्हाईत."

बद्रूची सुई तितंच थांबली. "तुमी बघत हुता?"

"रोज."

"मग बोलला का न्हाई?"

"तू तरी कुटं बोलली हुतीस?"

मग दोघं म्हातारं आसं हासलं, आसं हासलं, की सुई माझ्या पोटात घुसली. दुखलं, पर मी सोसलं.

ती बघ, आलीच बद्रू मला उलटं करायला. आता साहेबाचं बूड उन्हाला लागंल, ते काय बघन्यासारखं न्हाई. जा आता. जा म्हनते न्हवं! घरी जा, आन तुझ्या घरच्या गोधडीला जरा हात लावून बघ, कुटं वली लागती का.