तीसपैकी अठ्ठावीस

"आता शंभरातून सात-सात वजा करत चला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

धर्माजी न अडखळता पासष्टपर्यंत उतरला. मेंढरं मोजण्यात जन्म गेलेल्याला हिशेब तो काय! वार सांगितला, तालुका सांगितला, घड्याळाचे काटेही बरोबर काढले. तीसपैकी अठ्ठावीस गुण पडले. मेंदूचा फोटोही स्वच्छ निघाला. चौथीतून शाळा सोडलेल्या माणसाने खरं तर पेढे वाटायचे. पण त्याचा चेहरा पडला.

"बाई, पर मला आतून कळतंय. कायतरी सुटत चाललंय."

"काय सुटतंय?"

गेल्या महिन्यात गावी, लोणीला, मेंढ्यांच्या वाड्यात, त्याने तीनदा कोकरू दूध प्यायला भलत्याच मेंढीला लावलं होतं. मेंढीने ढुशी मारली तेव्हा चूक कळली. मान वर करून बघितलं तर सगळी तोंडं सारखीच, शहरातल्या पाहुण्याला दिसावीत तशी. थोड्या वेळाने ओळख परत यायची. पण तो मनातून हादरला होता.

"मेंढरांची तोंडं वळखू येत न्हाईत," तो म्हणाला.

बाई मायेनेच हसल्या. "मला तर एकही ओळखता येणार नाही. आजोबा, मनाला काय, काहीही वाटतं. तपासणीत दिसेल ते खरं. तुम्ही ठणठणीत आहात."

मुलाने, दादाभाऊने, रिपोर्ट घडी करून खिशात घातला. बाहेर आल्यावर म्हणाला, "झालं ना समाधान, तात्या? आता दिवाळीनंतर बिनघोर कोकणात न्या मेंढरं. मला कंपनीतून सुट्टी न्हाई."

"आरं, शंभर जीव हायती. वाटंत दुसऱ्याच्या कळपात मिसळली तर?"

"अठ्ठावीस मार्क पडल्यात तुमाला!"

कागदाशी भांडायचं कसं, हे धर्माजीला कुणी शिकवलं नव्हतं. आपल्या डोक्यातलं आपल्याला कळतं, एवढंही कुणाला पटू नये याचं त्याला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेरू कालवून वाड्यात बसला. एका मेंढीच्या पाठीवर एक बोट, तिच्या कोकरावर तसंच एक. दुसऱ्या जोडीला दोन-दोन.

बायको, गजराबाई, बघतच राहिली. "ह्ये काय? उभ्या जन्मात तुमाला कधी खूण लागली नाय."

"अजून वळख हाय तवर लावून ठिवतो."

तिने वाद घातला नाही. पुढचं कोकरू उचलून त्याच्यासमोर धरलं. धर्माजी त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. बोटावरचा गेरू वाळून गेला. मग गजराबाईने त्याचं मनगट धरलं, बोट पुन्हा गेरूत बुडवलं आणि त्या कोकराची आई स्वतःच शोधून तिच्या पाठीवर टेकवलं.