खमीसची खुर्ची

गुरुवारी संध्याकाळी सहाला दयानंद सोहारच्या पोलाद कारखान्यातून बाहेर पडायचा तेव्हा त्याच्याकडे बघून कुणीही म्हटलं असतं, या माणसानं आता घरी जाऊन झोपावं. चोपन्नावं वर्ष, बारा तासांची ड्यूटी, बुटात सुजलेले पाय. ओमानात बावीस वर्षं काढून तो इतका शिणला होता की हा शीण आजचा की कालचा, हेही त्याला कळेनासं झालं होतं. पण महिन्याचा पहिला गुरुवार असला की गडी खोलीवर जात नसे.

त्या दिवशी बंदराच्या रस्त्यावरच्या एका क्लबात 'आफ्रिकन नाइट' असायची. केनियाच्या नर्सा, घानाचे वेल्डर, झांझिबारशी नातं सांगणारी ओमानी कुटुंबं, सगळे जमायचे आणि सात ते दहा मनसोक्त नाचायचे. दयानंद तिथे साउंड सांभाळायचा, तोही फुकट.

साउंड हे निमित्त. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात, पण यानं ते अडीच वर्षं लपवलं होतं. त्याचा सगळा जीव ढोलात. समुद्राच्या दमट हवेनं कातडं ढिलं पडतं, ते वाजवण्याआधी शेकावं लागतं. हॉलमागच्या अंगणात शेकोटी करून ढोल शेकायचं काम त्यानं हळूच स्वतःकडे घेतलं होतं. कातडं तापलं की नखानं एक टिचकी मारायची, आवाज ऐकायचा, ढोल आत पाठवायचा. टिचकी मारणं म्हणजे वाजवणं नव्हे, असा कायदा त्यानं स्वतःपुरता केला होता.

कायद्याचं कारण महाडजवळच्या गावी बसलं होतं. अण्णा, त्याचे वडील, वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या तरुणपणी शिमग्याच्या पालखीपुढे ढोल-सनईचा खालू बाजा वाजवायचा तो गावकुसाबाहेरच्या त्यांच्या वाडीनंच. हौस नव्हती, सक्ती होती. चार-चार तास उन्हात, अनवाणी, उभ्यानं. गावासमोर बसून वाजवायची मुभा नव्हती. छप्पन साली अण्णांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि पुढच्या शिमग्याला घरचा ढोल होळीत टाकला. गावानं वर्षभर त्यांना दुकान बंद केलं, गिरण बंद केली. अण्णा बधले नाहीत. या घरात पुन्हा कातड्यावर काठी पडणार नाही, म्हणाले.

आठ वर्षांचा दयानंद एकदा रॉकेलचा रिकामा डबा बडवताना सापडला, तेव्हा अण्णांनी त्याला असा झोडला की तो दोन दिवस पाठीवर निजला नाही. पुढे अण्णांनीच रस्त्याची खडी फोडून त्याला डिप्लोमा करवला. ढोल जळला म्हणून आपण सुपरवायझर झालो, हे दयानंदला मनापासून पटलेलं होतं. पण जित्याची खोड. जेवताना, बसमध्ये, मीटिंगमध्ये बोटं आपली चालूच.

आफ्रिकन नाइटचा मोठा ढोल खमीसचा. सत्तरीचा म्हातारा, हसला की दोनच दात दिसायचे. त्याच्या आजोबांना जहाजात घालून इथे आणून विकलं होतं, हे तो दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं सांगायचा. गुडघे गेल्यामुळे तो बसून वाजवी. त्यासाठी हिरव्या उशीची एक लोखंडी खुर्ची होती आणि तिच्यावर दुसरं कुणी बसायचं नाही, हा तिथला रिवाज. एकदा क्लबचा मॅनेजर चुकून बसला, तर नर्सांनी त्याला ओरडून उठवलं होतं.

आणि त्या गुरुवारी खमीस आला तो उजवा हात प्लॅस्टरमध्ये घालून. जिन्यावरून पडला होता. हॉलमध्ये शंभरेक माणसं महिनाभर वाट बघून नटून आलेली, आणि मोठ्या ढोलाशिवाय तो नाच उभाच राहत नाही.

खमीस शेकोटीपाशी आला. "दया, आज तू बजा."

"मेरे को नहीं आता."

"झूठ मत बोल. दो साल से तेरी उंगली देखता है मैं. यल्ला, चल."

 नाही म्हणावं तर दयानंदची बोटं शिवशिवत होती, हो म्हणावं तर अण्णा डोळ्यांसमोर. शेवटी तो आत गेला, ढोलापाशी उभा राहिला, काठी उचलली.

"अय्या, दयानंद!" मराठी मंडळाच्या वासंतीताई त्या दिवशी पहिल्यांदाच चौघीजणींना घेऊन नाच बघायला आल्या होत्या. त्यांनी फोटोसाठी फोन समोर धरला. "तुम्ही वाजवणार? वाटलंच मला. तुमच्या लोकांच्या रक्तातच असतं हो हे!"

बाई वाईट नव्हत्या. त्याला कावीळ झाली तेव्हा महिनाभर याच बाईंनी डबा पाठवला होता. त्या प्रेमानं बोलल्या, म्हणूनच ते जास्त लागलं. साठ वर्षं आणि समुद्र ओलांडून गाव त्याच्यासमोर फोन धरून उभं राहिलं होतं, फोटो काढायला.

त्यानं काठी खाली ठेवली. "सॉरी, खमीस. खलास," म्हणाला आणि अंगणात जाऊन अण्णांना फोन लावला. आपण चांगलं वागलो, एवढं त्याला कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

"आज कसा फोन? तुझा वार शुक्रवार," अण्णा म्हणाले.

दयानंदनं सगळं सांगून टाकलं. अडीच वर्षांचं शेकणं, टिचक्या, खमीस, वासंतीताई. "नाही म्हणालो मी, अण्णा."

पलीकडे टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत राहिल्या. मग टीव्ही बंद झाला.

"तो म्हातारा कसा वाजवतो? उभ्यानं?"

"नाही. बसून. त्याची खुर्ची आहे. दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत तिच्यावर."

"आणि तुला उभ्यानं वाजव म्हणतात?"

दयानंदनं वळून हॉलच्या दारातून पाहिलं. खमीस डाव्या हातानं खुर्ची ओढत ढोलापाशी आणत होता. नर्सा मदतीला धावल्या, त्यांना त्यानं थांबवलं. हिरवी उशी झटकली, नीट ठेवली, आणि दाराकडे बघत तो तिच्या शेजारी उभा राहिला.

"खुर्ची मला देतोय, अण्णा."

"आणि तो?"

"तो उभा आहे."

 

"मग बस ना रे," अण्णा म्हणाले.  "त्या बाईच्या समोरच बस. आणि डावा हात हलका ठेव. रॉकेलच्या डब्यावरही तुझा डावा जोरात पडत होता."

 म्हणजे त्या दिवशी मारायला उठण्याआधी अण्णा दाराआड उभे राहून ते ऐकत होते. डावा-उजवा कळेपर्यंत ऐकत होते.

फोन चालूच ठेवून त्यानं तो शर्टाच्या खिशात घातला, आत गेला आणि खुर्चीवर बसला.