रेणूक करंट

आमच्या आनंदीआतेचे कान भारी तिखट, पण ऐकते अर्धंच. मालवणच्या बाजारात मासे विकून तिने मला, तिच्या ‘चेडू’ला म्हणजे पोरीला, एकटीने वाढवलं, एम.एस्सी. केलं, संशोधनालाही पाठवलं. शनिवारी कणकवलीच्या कॉलेजात माझं पहिलं व्याख्यान होतं. पहिल्या रांगेत आते बसावी, एवढीच माझी हौस. पण गुरुवारी पडवीत बसून मी तन्वीला, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला फोन लावला आणि घोटाळा झाला.

"रेणूला सोन्याच्या दोन टोकांमध्ये पकडलं, करंट दिला, मग तुटेपर्यंत ओढलं. हो गं, दोन हजार वेळा!"

आत आतेची विळी थांबली.

दुपारी पानात नुसती कढी आली. सुरमईची तुकडी नाही म्हणजे प्रकरण गंभीर.

"माका तुज्या कार्यक्रमाक येवचा नाय," आते म्हणाली. "शेजारच्या रेणूक करंट देतंस? महादूची सून ती! एकदा असता तर चुकान झाला म्हटलंय असतंय. दोन हजार वेळा? म्हणानच ती दोन दिस दिसाक नाय!"

रेणू बिचारी खारेपाटणला माहेरी गेली होती. मला हसू आवरेना, त्यामुळे आते आणखीच भडकली.

"गो आते, ह्यो रेणू म्हणजे बाई न्हय. पदार्थाचो बारीक कण."

"मग तेका करंट कित्याक?"

"किती जाता ता बघूक. रेणू तोच, फक्त तेच्या बाजूक अणूंचो येक बारको गट चिकटवचो. काय गट आपले इलेक्ट्रॉन रेणूक देतत, काय रेणूचे ओढून घेतत. सगळ्या रेणूंचा सारख्या नसता, पण माज्या रेणूक देणारो गट लावलो काय करंट वाढता, ओढणारो लावलो काय कमी."

आते कढी ढवळू लागली.

"माका सासराक सगळे ओढणारेच गावले," ती म्हणाली.

सासरबद्दल ती आजवर एक शब्द बोलली नव्हती. मला रडू आलं. तिने माझ्या पानात दोन तुकड्या टाकल्या.

शनिवारी ती पहिल्या रांगेत होती, शेजारी खरीखुरी रेणू. ती धडधाकट असल्याची खात्री करूनच आते एसटीत चढली होती.

"आता सांगा," मी मुलांना विचारलं, "या रेणूच्या बाजूला देणारा गट लावला तर काय होईल?"

एकच हात वर, आतेचा.

"काय होतला? ह्या आमचा चेडू उभा आसा मां तुमच्या समोर!"