हॉल्वरने केलेलं कौतुक

१९७७ सालच्या ऑक्टोबरातली ही गोष्ट. उत्तर मिनेसोटातल्या एका लहान गावात, चर्चच्या तळघरात, लुटफिस्कची वार्षिक पंगत बसली होती. ताटाताटांत तो क्षारात भिजवून जेलीसारखा झालेला पांढरा मासा थरथरत होता आणि हॉल्वर ब्राटेन दरवर्षीप्रमाणे कॉफी वाढत होता.

सकाळपासून त्याचं डोकं ठणकत होतं. पण आपलं दुखणं चारचौघांत सांगणं म्हणजे मिरवणं, असं तिथली नॉर्वेजियन मंडळी मानत. रक्तदाबाच्या गोळ्या त्याने उन्हाळ्यातच सोडल्या होत्या. बरं वाटत असताना औषध घेणं त्याला उधळपट्टी वाटे.

पहिल्याच टेबलाशी त्याने कॉफी कपाच्या शेजारी ओतली. पाहुण्याने अवाक्षर न काढता कप उचलून धारेखाली धरला. पुढच्यानेही तेच केलं. पाद्रीबाबांच्या मांडीवर सांडली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कॉफी छान गरम आहे, हॉल्वर."

मग तो बटाटे वाढणाऱ्या आपल्या बायकोसमोर, मार्गिटसमोर थबकला. "मार्गिट," तो सगळ्यांदेखत म्हणाला, "तू किती सुंदर दिसतेस."

काटेचमचे थांबले. लग्नाला तीस वर्षं होत आली होती, आणि तिच्या वाट्याला आलेलं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे "चालेल". तिने एप्रन सोडला.

"कोट घाल. दवाखान्यात जायचंय."

"लोकांचं जेवण व्हायचंय अजून."

"कोट घाल म्हटलं ना."

दवाखान्यात डॉक्टर फेल्डमन होते, शिकागोहून नुकतेच आलेले. त्यांनी रक्तदाब मोजला: वरचा आकडा दोनशे चाळीस, खालचा एकशे चाळीस. त्यांनी हॉल्वरला शांत बसवून, मोठा पट्टा लावून, दोन्ही दंडांवर पुन्हा मोजला. तेवढाच भरला.

"डोकं दुखतंय?"

"अगदीच वाईट नाही."

"नजर?"

"चालतंय."

"छातीत?"

"तक्रार नाही."

डॉक्टर मार्गिटकडे वळले. "नुसत्या आकड्याला घाबरून घाई करायची नसते, बाई. मेंदू, डोळे, हृदय, मूत्रपिंड यांना इजा होत नसेल, तर गोळ्या पुन्हा सुरू करून घरी पाठवता येतं."

हॉल्वर टोपी शोधू लागला. टोपी त्याच्या गुडघ्यावरच होती.

मार्गिटचे कान तापले. परक्या माणसासमोर नवऱ्याची उणीदुणी काढायची, तीही असली. पण गप्प बसलं तर हा माणूस हातचा जाईल, हे तिला कळत होतं.

"डॉक्टर, तो कॉफी टेबलावर ओततोय. आणि..." ती जमिनीकडे पाहत म्हणाली, "मला सुंदर म्हणाला."

"मग त्यात काय?"

"तुम्ही याला ओळखत नाही. शुद्धीवर असता तर म्हणाला नसता."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दिवा घेऊन हॉल्वरच्या डोळ्यांत खोल पाहिलं. आतली नस सुजली होती. मग धावपळ उडाली. शिरेतून औषध सुरू झालं. उजेडाने ते बिघडतं म्हणून बाटलीला चंदेरी कागद गुंडाळला होता.

"दाब लवकर उतरवा ना," मार्गिट म्हणाली.

"हळूच उतरवायचा. मेंदूला या दाबाची सवय झालीय. एकदम खाली आणला तर रक्त पुरायचं नाही, लकवा होईल. पहिल्या तासात पाव हिस्सा उतरला तरी पुष्कळ."

मार्गिट खुर्ची ओढून बसली. बऱ्याच वेळाने हॉल्वरने बाटलीकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"हे काय, कागदात गुंडाळून बटाटा भाजायला ठेवलाय?" मग नजर तिच्यावर आली. "आणि तुझ्या केसांना काय झालंय? लुटफिस्कचा वास येतोय."

मार्गिटने रुमालात तोंड लपवलं. इतका आनंद तिला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता.

पुढे डॉक्टर फेल्डमन त्याच गावात राहिले, आणि दुखणाईताला सोडून आधी त्याच्या बायकोला विचारायची सवय त्यांना कायमची लागली. पाद्रीबाबा त्या पंगतीला नंतर नेहमी काळी विजार घालून येत. हॉल्वरने कुरकुरत का होईना, पण रोज गोळ्या घेतल्या आणि आणखी एकवीस वर्षं काढली. शेवटच्या हिवाळ्यात खिडकीपाशी बसून तो एकदा म्हणाला, "मार्गिट, तू सुंदर दिसतेस."

तिने दाब मोजायचा पट्टा आणून त्याच्या दंडाला बांधला. दाब अगदी व्यवस्थित होता. तिने पुन्हा मोजला, तरी तेवढाच.

पट्टा पेटीत ठेवून ती म्हणाली, "चालेल."